एस नसलेली ओळ

हे मी रचून सांगत नाही.

रचायचंच असतं तर रात्र घेतली असती, अंधार घेतला असता, गावाबाहेरची पडकी जागा घेतली असती. इथं यातलं काहीच नव्हतं.

भर दुपार होती. १९९३ चा उन्हाळा. जागा पूर्णा, जिल्हा परभणी. रेल्वे स्टेशनापासून पाच मिनिटांवरची भरवस्ती.

आणि जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी.

कमलबाई.

तिनं मला हे एकदाच सांगितलं. त्यानंतर कधीही विचारलं, की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

मावशीची टायपिंगची संस्था होती. पुढच्या मोठ्या खोलीत नऊ टाइपरायटर, मागच्या दोन खोल्यांत घर. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत त्यांचं गावाकडचं घर जळालं. तेव्हा ती आणि लिंबाजीकाका, म्हणजे तिचे मालक, पूर्णेला आले ते कायमचेच. काका रेल्वेत होते, यार्डात डबे जोडायच्या कामावर. मावशी टायपिंगच्या परीक्षा दिलेली. तिनं आधी दोन मशीनवर शिकवायला घेतलं, मग चार, मग नऊ. तिच्या हाताखालून गेलेली माणसं आज कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत बसलेली आहेत.

एकोणनव्वदला तिनं कॉम्प्युटर घेतला. नवा नव्हे. हैदराबादच्या कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला. परभणीचा बन्सीधर म्हणून एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा होता, तो नुकताच या कामात शिरला होता. त्यानं आणून दिला. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. गल्लीतली माणसं चपला बाहेर काढून तो बघायला यायची.

रिटायर झाल्यावर काकांनाही शिकायची हौस आली. पोरींसमोर लाज वाटायची म्हणून दुपारी बसायचे, संस्था बंद असताना.

पहिला धडा सगळ्यांना एकच. डाव्या हाताची चार बोटं चार अक्षरांवर. ए, एस, डी, एफ. ज्याचं त्याचं बोट ठरलेलं.

काकांना डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट नव्हतं. डबे जोडताना गेलेलं.

त्यामुळं एस यायचाच नाही. ए झाला की उरलेला थोटका हवेतच वाकायचा, मग डी, मग एफ. दुसऱ्या बोटानं दाबा म्हटलं तरी हात ऐकायचा नाही.

मावशी विचारायची, "एस कुठंय, रेल्वेवाले?"

काका हात वर करून दाखवायचे. "एस मालगाडीखाली गेला, मास्तरीनबाई."

रोज हेच बोलणं. आणि रोज दोघं नव्यानं हसायचे.

त्र्याण्णवच्या जानेवारीत काका झोपेतच गेले.

एकच लेक, तक्षशीला. औरंगाबादला एका दवाखान्यात नर्स. ती पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली, "माय, चल माझ्यासंग. हितं एकटी काय करतीस?"

"संस्था कोन बघंल?" मावशी म्हणाली.

खरं तर संस्थेतही बघण्यासारखं फार उरलं नव्हतं. ज्याला त्याला आता कॉम्प्युटर शिकायचा होता, आणि मावशीचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. चालू व्हायला चार-चार वेळा बटण दाबावं लागायचं. चित्र थरथरायचं. आतून दळण दळल्यासारखा आवाज यायचा. रोज सकाळी तारीख विसरायचा आणि रोज ती नव्यानं सांगावी लागायची.

फेब्रुवारीत बन्सीधर आला. डबा उघडून बघितला, फुंकर मारली, मान हलवली.

"मॅडम, ह्याचे पार्ट आता मिळनात. मी म्हनतो नवाच घ्या."

"दुरुस्त होतच न्हाई का?"

"होतो. पन आज हे केलं तर उद्या ते जाईल. एक करा, दिवसा बंदच करू नका. चालू राहू द्या. बंद-चालूनंच ह्याचा जीव जायलाय."

म्हणून तेव्हापासून दुपारी संस्था बंद असली तरी कॉम्प्युटर चालू असायचा.

हे लक्षात ठेवा. पहिले काही दिवस मावशीनंही असंच मनाला समजावलं... चालू होता म्हणून झालं असेल.

मार्चचा शेवटचा आठवडा. दुपारचे दोन वाजले असतील. सकाळच्या बॅचच्या पोरी गेल्या होत्या. मावशीनं पुढच्या दाराला आतून कडी घातली होती. मागच्या खोलीत ती फरशीवर आडवी झाली होती. गल्ली अगदी चिडीचूप. उन्हानं कुत्रीसुद्धा नाल्यात जाऊन बसलेली.

आणि पुढच्या खोलीतून आवाज आला...

टक्.

ती पडल्या पडल्या ऐकत राहिली.

टक्... टक्.

एखादी पोरगी राहिली असेल, असं तिला वाटलं. मग आठवलं, कडी आपणच घातली.

ती उठून गेली.

खोलीत कुणी नव्हतं. नऊ टाइपरायटर झाकलेले. कोपऱ्यात कॉम्प्युटर चालू. पडद्यावर एक ओळ होती.

ए डी एफ... ए डी एफ... ए डी एफ...

मावशीनं ती पुसली. सकाळी कुणीतरी वेड्यासारखं दाबून ठेवलं असेल. एसचं बटण खराब झालं असेल.

तिनं एस दाबून बघितला.

आला.

पुन्हा दाबला. पुन्हा आला.

दुसऱ्या दिवशी ती झोपली नाही. भिंतीला टेकून बसली. दोन वाजले. सव्वादोन झाले.

टक्...

मग थोडी जागा रिकामी.

टक्. टक्.

पंधरा वर्षं ती नुसत्या आवाजावरून पोरींच्या चुका ओळखत होती. कुठलं बोट हललं, कुठलं चुकलं, तिला न बघता कळायचं. ती मधली रिकामी जागा तिच्या ओळखीची होती.

ती जागा बरोबर एका बोटाएवढी होती.

तिनं दारातूनच विचारलं, "आवं... तुमी हाव का?"

आवाज थांबला.

ती वाट बघत उभी राहिली. बऱ्याच वेळानं, अगदी हळू...

टक्.

तुम्ही म्हणाल, घाबरून पळाली असेल. नाही पळाली. ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि पोटभर रडली. जानेवारीपासून रडली नव्हती.

त्या दिवसापासून मावशी दुपारचं जेवण पुढच्या खोलीत घेऊन बसायला लागली.

ती बोलायची. बॅचला कोण आलं, कोण नाही, तक्षशीलाचं पत्र, नळाला पाणी किती वाजता आलं. मग जुन्या गोष्टी निघायच्या. जळालेलं घर. त्या रात्री ती कुठल्या शेतात लपली होती आणि तिथं तिनं काय बघितलं. तक्षशीलाच्या आधी झालेलं आणि न वाचलेलं पोरगं. नवऱ्यापाशीसुद्धा जे तिनं कधी उघड केलं नव्हतं, तेही.

समोर आवाज व्हायचा. टक्... टक्, टक्. ऐकतोय, असं सांगितल्यासारखा.

बटणं हलताना तिला कधी दिसली नाहीत. बघायला वाकली, की सगळं थांबायचं. म्हणून तिनं बघणं सोडून दिलं. कॉम्प्युटरकडं पाठ करून बसायची आणि बोलायची.

शेजारी सगुणाबाई राहायची. रोज संध्याकाळी दोघी ओट्यावर बसायच्या. एप्रिलमध्ये मावशीनं ते बसणं बंद केलं.

सगुणाबाईनं एकदा दारात गाठलं. "काय गं कमल, हाडं दिसायलीत तुझी. जेवतीस का न्हाई?"

"जेवते की."

"दुपारी कुनासंग बोलत असतीस? भिंतीतून आवाज येतो."

"धडे म्हनते," मावशी म्हणाली आणि आत गेली.

मेमध्ये तक्षशीलाचं पत्र आलं. नवा कॉम्प्युटर घे, नाहीतर संस्था मोडून माझ्याकडं ये, पण त्या जुन्या डब्यावर जीव पाखडू नकोस. मावशीनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं... पाठीमागच्या खुर्चीला.

त्या दिवशी पाठीमागून बराच वेळ काही आवाज आला नाही.

मग एकदम तिन्ही अक्षरं. जोरात. ए, डी, एफ. आदळल्यासारखी.

तिला वाटलं, त्यांना राग आला. तिनं लेकीला उत्तरच पाठवलं नाही.

संध्याकाळची बॅच रोडावत गेली. यंत्र दोन दिवस चालायचं, तिसऱ्या दिवशी रुसायचं. बन्सीधरच्या चकरा वाढल्या. एकदा त्यानं बटणांची पाटीच बदलली. जुनी काढून नवी लावली. मावशी जीव मुठीत धरून बघत होती, की आता काय होतं.

दुसऱ्या दुपारी नव्या पाटीवर तोच आवाज.

तीच ओळ.

तिला इतका आनंद झाला, की तिनं शिरा केला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यंत्र पार बसलं. बटण कितीही दाबा, नुसतं गुरगुरायचं. तीन दिवस पुढची खोली मुकी होती. मावशीनं त्या तीन दिवसांत चूल पेटवली नाही. चौथ्या दिवशी परभणीच्या गाडीनं बन्सीधर आला, ते दुपारीच. डबा उघडून तासभर खटपट केली. शेवटी यंत्र उठलं.

घाम पुसत तो म्हणाला, "मॅडम, आता ऐका माझं. हे शेवटचं हाय. एक तर मी ह्याला आठ दिवस परभणीला नेतो, आतलं सगळं बदलून आनतो. न्हाईतर ह्याला सोडा, नवा घ्या. दोन्हीपैकी काय ते आज ठरवा."

"हितंच बसून करा जे करायचं ते."

"हितं होत न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या. हाय तसा चालू द्या."

"आवो मॅडम, हाय तसा तो आठ दिवस बी चालत न्हाई! पोरी सोडून चालल्यात तुमच्या. कशासाठी धरून ठेवायलाव ह्याला?"

मावशी उत्तर देणार, तेवढ्यात लाईन गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. पडदा काळा झाला. आतलं दळण थांबलं. बाहेर पिठाची गिरणी चालू होती, तीही थांबली.

बन्सीधर म्हणाला, "घ्या. आता पुन्हा उठतो का बघू..."

टक्.

तो थांबला.

टक्, टक्.

बन्सीधरनं आधी पंख्याकडं बघितलं. मग भिंतीवरच्या बटणाकडं. मग अगदी हळू, त्याच्यापासून दोन हातांवर असलेल्या काळ्या पडद्याकडं.

"मॅडम... करंट न्हाई ना?"



टक्... टक्, टक्...

त्यानं हत्यारं गोळा केली नाहीत. पिशवी तशीच सोडून तो दारापर्यंत गेला. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून, आत न बघता बोलला.

"मी दुरुस्त करनारा मानूस हाय. मीच तुमाला हात जोडतो. हा दुरुस्त करून घेऊ नका."

"ते माझे मालक हायत," मावशी म्हणाली.

हे तिनं पहिल्यांदाच कुणापुढं उच्चारलं होतं.

बन्सीधरनं चपलांत पाय घातले. मग म्हणाला, "सोमवारी येतो. ठरवून ठेवा." आणि गेला.

तो शुक्रवार होता.

शनिवारी दुपारी मावशीनं दाराला कडी घातली. यंत्र दुसऱ्याच खटक्याला चालू झालं होतं. त्या दिवशी ती पाठ करून बसली नाही. समोर बसली. हात मांडीवर ठेवले.

"आता तुमीच सांगा," ती म्हणाली. "सोमवारी बन्सीधर यायलाय. तक्षू बोलवायलीय. तुमाला हितून हलवायचं माझ्या जिवावर येतं. पन शिकवायचं बंद झालं तर मी खाऊ काय, आन करू काय? ठेवू का देऊ?"

काही नाही.

पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"सांगा की."

बाहेर कुठंतरी इंजिनानं शिट्टी दिली. ती विरून गेली.

आणि बटणं वाजली.

या वेळी हळू नाही... थांबत थांबत नाही. एका दमात. सराव झालेल्या माणसाच्या दहा बोटांनी वाजावीत तशी. मावशीच्या स्वतःच्या हातालाही नव्हता इतका वेग.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द उमटले.

कमल बस.

क्षणभर तिला बरं वाटलं. बोलले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा शब्द बोलले.

मग तिची मास्तरणीची नजर त्या ओळीवरून पुन्हा फिरली. ओळीतलं शेवटचं अक्षर.

एस.



त्या हाताला एस येत नव्हता. जिवंतपणी आला नव्हता, मार्चपासून आला नव्हता. आणि आता कुठंही न अडखळता, सहज आला होता. म्हणजे तो येत होता... पहिल्यापासून येत होता. इतके दिवस कुणीतरी तो गाळत होतं. तिच्यासाठी. तिला ओळख पटावी म्हणून.

आणि मग तिला दुसरी गोष्ट जाणवली.

पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्या नवऱ्यानं तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती.

ती हळूच उठायला लागली. खुर्चीचा पाय फरशीवर कुरकुरला.

बटणं वाजली.

बस.

ती एक पाऊल मागं सरकली.

बस बस बस बस बस...

ओळ भरली. दुसरी सुरू झाली. तिसरी. पडदा खालून वर सरकायला लागला. आणि या वेळी पहिल्यांदाच तिला बटणं दिसली. खाली जाताना आणि वर येताना. त्यांच्यावर काहीच नव्हतं.

मावशीनं कडी कशी काढली, तिला आठवत नाही. अनवाणी ती त्या जळत्या रस्त्यावर आली आणि सगुणाबाईच्या घरात शिरून कोपऱ्यात बसली. सगुणाबाईनं पाणी दिलं. तळपायांना फोड आले होते. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "मला आज हितं झोपू दे."

सगुणाबाईनं अंथरूण टाकलं.

सोमवारी बन्सीधर दोन हमाल घेऊन आला. मावशी सगुणाबाईच्या ओट्यावरूनच म्हणाली, "घेऊन जावा. मला नवा द्या." यंत्र पोत्यात गुंडाळून हातगाडीवर स्टेशनला गेलं. ती गाडी वळेपर्यंत मावशी बघत होती. सगुणाबाई सांगायची, की त्या वेळी तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं. भीतीचं होतं का आणखी कशाचं, ते काही तिला कळलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी परभणीत बन्सीधरला गाठलं. म्हातारा झाला होता. विचारलं, त्या यंत्राचं काय केलं?

"त्याचा एक खिळा बी कुठं वापरला न्हाई," तो म्हणाला.

"मग टाकलं कुठं?"

त्यानं चहा मागवला आणि माझ्या पोराबाळांची चौकशी करायला लागला.

नवा कॉम्प्युटर जुलैत आला. एका खटक्यात चालू व्हायचा, तारीख आपली आपण सांगायचा. पोरी परतल्या. तक्षशीला महिनाभर येऊन राहिली. मावशी पुन्हा जेवायला लागली, पुन्हा ओट्यावर बसायला लागली. दुपारी मात्र ती कधी घरात थांबली नाही. संस्था बंद केली की स्टेशनवर जाऊन बाकावर बसायची, संध्याकाळची बॅच येईपर्यंत. गाड्यांकडं बघत. एकटीच.

पुढच्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. पूर्णेत नुसता जल्लोष होता. निळे झेंडे, गुलाल, घराघरातून गोडधोड. मी तेव्हा तिच्याकडं गेलो होतो. मावशी सगळ्यांत होती, पेढे वाटत होती. मिरवणूक पुढं गेली आणि गल्ली रिकामी झाली, तेव्हा ती ओट्यावर येऊन बसली, आणि तिनं मला हे सगळं सांगितलं. अठ्ठ्याहत्तरपासून ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस आला, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस नाही, म्हणून ते बाहेर पडलं असावं.

मी विचारलं, "मावशी, अजून भीती वाटते?"

तिनं पदराला लागलेला गुलाल झटकला.

"त्याची न्हाई वाटत," ती म्हणाली. "ते गेलं. पन मी अडीच महिने रोज बोलत होते रे. ह्यांना सांगायचं राहिलेलं सगळं. शेतातलं, पोराचं... माझ्या पोटातलं एकूण एक. ह्यांना ते कधीच कळलं न्हाई."

तिनं माझा हात धरला.

"मग ते आता कुनाला म्हाईत हाय?"